उजव्या चाकाची पूजा

गाडी दारात आली त्या दिवसापासून सिंधुच्या पूजेत एक देव वाढला. पहाटेची अंघोळ, मग देवघर, मग तुळस, आणि तुळशीला घालून तांब्याच्या तळाशी जे पाणी उरायचं ते गाडीच्या पुढच्या चाकावर. चाकाला हळदीकुंकवाचं बोट, जास्वंदीचं एक फूल, हात जोडून क्षणभर मिटलेले डोळे. आप्पासाहेब, तिचे यजमान, ओट्यावर चहा पीत हे रोज बघायचे आणि रोज काहीतरी बोलायचे.

"नैवेद्य तेवढा राहिला बघ. नैवेद्यावर चालली तर पेट्रोल तरी वाचंल."

"तुम्ही खंडेनवमीला ट्रॅक्टरपुढं नारळ फोडता, तेव्हा मी काही बोलते का?" सिंधु हळूच म्हणायची. तिचा आवाज मुळातच असा की समोरच्याला ऐकायला थोडं पुढं वाकावं लागे.

"ते वर्षाचं एकदा. तुझं रोजचं होऊन राहिलंय."

खरंच होतं ते. सिंधुचं सगळंच रोजचं होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि सूर्य मावळायच्या आत घरी येऊन देवापुढं दिवा लावायचा, हा नेम तर लग्नाआधीपासूनचा. अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून मुखेड तालुक्यातली बावीस गावं तिच्याकडं होती, आणि त्या गावांच्या एसटीनं तिचा तो नेम वर्षानुवर्षं मोडला होता. कधी बस यायचीच नाही, कधी यायची ती दारापर्यंत भरून. फाट्यावर उभी राहून ती सूर्य बुडताना बघायची आणि मनातल्या मनात दिवा लावायची. घरी येऊन खरा लावला तरी तिला तो शिळा वाटे. गाडी आल्यापासून एकही दिवा चुकला नव्हता. मग त्या चाकाला हात नको जोडायला?

गाडी दिली होती हरिओमनं, तिच्या धाकट्या भावानं. लातूरला त्याचा जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा होता. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं होतं तिला, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत, लातूरच्या रिंगरोडवर, "आक्का, समोर बघ, माझ्याकडं न्हाई," असं ओरडत. यंदाच्या भाऊबीजेला सिंधु माहेरी गेली. ओवाळून झालं, तिनं त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि हरिओमनं ताटात साडीच्या जागी चावी ठेवली.

"साड्या लई नेसलीस. आता एसटीच्या दांड्याला लोंबकळणं बंद."

"हरी, हे काय रे?"

"एका डॉक्टरची गाडी हाय. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना, बस्स. लेकरागत सांभाळली त्यानं."

सिंधुनं ताट खाली ठेवलं, कारण निरांजन हलायला लागलं होतं. आप्पासाहेबांनासुद्धा त्या दिवशी एकही टोमणा सुचला नाही.

जेवताना तिच्या आईनं, नागुबाईनं, विषय काढला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. शेताच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली होती: आईचं, हरिओमचं आणि सिंधुचं.

"हक्कसोडीवर सही तेवढी करून टाक बाई. मार्गशीर्ष संपायच्या आत. पौषात असलं काम नको."

"करते की, माय. मी कधी नाही म्हटलं?"

आणि ती खरंच कधी नाही म्हटली नव्हती. वडिलांच्या तेराव्यालाच तिनं मनातून जमीन सोडली होती. त्या भागातल्या बहिणी असंच करतात. कागदावरचं आपलं नाव काढून देतात आणि बदल्यात काही मागत नाहीत. आपण दारात उभं राहिल्यावर आतून कुणीतरी "आली गं बाई" म्हणावं, एवढंच धरून चालतात. गाडी मिळाली नसती तरी सिंधुनं सही केलीच असती. उलट गाडी मिळाल्यावर ती थोडी अवघडली. सहीचा मोबदला दिला असं कुणी म्हणालं तर, या विचारानं तिला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

पहिला महिना चांगला गेला. मग गाडी जड वाटू लागली. पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपल्या ओढीनं थोडी पुढं जाते, तशी ती जाईना. मागून कुणीतरी पदर धरावा तशी अडायची. सिंधुला वाटलं, आपल्यालाच अजून हात बसला नसेल.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला दोघं माहूरला गेले. रेणुकामातेचं दर्शन झालं, ओटी भरली, विड्याचा प्रसाद मिळाला. गड उतरताना गाडीत जळका वास भरला. तव्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटावी तसा उग्र वास. आप्पासाहेबांनी काच खाली केली, नाकाला रुमाल लावला.

"ब्रेकवर पाय ठेवून चालवतीस तू. बायकांची सवयच असती ती."

"मी चप्पल काढून चालवते. माझा पाय कुठं आहे हे मला कळत नाही का?"

"काय म्हणलीस?"

"काही नाही."

गडाच्या पायथ्याशी अर्धा तास थांबले, वास गेला, आणि सावकाश घरी आले. दुसऱ्या दिवशी तिनं हरिओमला फोन लावला. आप्पासाहेब शेजारीच होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"वास येतो? गाडी जड चालती?" हरिओम क्षणभर थांबला. मग हसायला लागला. "आक्का, तू चाकावर रोज पाणी ओततीस का गं? दाजी म्हणत होते मागं."

"तुळशीचं उरलेलं. घोटभर."

"मग झालं! पाण्यानं गंजून ब्रेक जाम होऊन राहिला तुझा. कामून देवाला चाकात बसवतीस? देव देवघरात शोभतो."

"मीच कालपासून सांगतोय," आप्पासाहेब म्हणाले, जरी त्यांनी पाण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आठ दिवस पाणी बंद कर, आपोआप सुटंल," हरिओम म्हणाला. "गॅरेजला नेऊ नको. ती लोकं एकाचं दहा करतेत. सहीला येशील तवा मीच बघतो."

सिंधुनं फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसली. आपल्या हातून इतरांसारख्याच चुका झाल्या होत्या आयुष्यात. पण पूजेनं नुकसान झालं, असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. भावानं प्रेमानं दिलेली वस्तू आपल्या भोळेपणानं आपणच बिघडवली. त्या गुरुवारी तिनं संध्याकाळी उपवास सोडलाच नाही. देवीपुढं डोकं टेकून म्हणाली, "अडाणीपणा झाला, पदरात घे." आणि दुसऱ्या दिवसापासून तांब्यात उरलेलं पाणी ती पुन्हा तुळशीतच रिकामं करू लागली. चाकाजवळून जाताना मान खाली घालून जायची.

आठ दिवसांनी काहीच सुटलं नव्हतं.

एका दुपारी ती एका वाडीवरच्या अंगणवाडीला गेली होती. तिथला रस्ता चांगलाच उताराचा. रजिस्टरवर उभ्याउभ्या सही करून ती पाच मिनिटांत निघाली. सेविका नीलाबाई गाडीपर्यंत सोडायला आल्या. सिंधुनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला. उतारावर सोडलेली गाडी. चालायला हवी होती. जागची हलली नाही.

"मॅडम, तुमच्या गाडीचाबी उपवास हाय का आज?" नीलाबाई खिदळल्या. मग गाडीला वळसा घालून डावीकडं गेल्या आणि एकदम मागं सरल्या. "अगं बया! इकडून तर चुलीसारखी धग येऊन राहिलीय."

सिंधु उतरून तिकडं गेली. पुढच्या डाव्या चाकातून निघणारी धग साडीतून पोटरीला लागत होती. तिनं पाण्याची बाटली काढली आणि ओंजळीत चार थेंब घेऊन चाकाच्या मधल्या पत्र्यावर शिंपडले. चर्रर्र आवाज झाला आणि थेंब गायब. मग ती उजव्या बाजूला आली. आधी बोटाचं टोक लावलं, मग तळहात. कोमट. एखाद्या तापातून उठलेल्या लेकराच्या कपाळासारखं, बस्स. पत्र्यावर तिच्या हळदीकुंकवाचा जुना डाग अजून दिसत होता.

ती तिथंच उकिडवी बसून राहिली. घरी गाडी लावायची तेव्हा उजवी बाजू तुळशीकडं आणि डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला लागून. भिंत आणि गाडी यांच्यात मांजर जाईल एवढीच जागा. तिनं पूजा केली ती उजव्या चाकाची. पाणी घातलं ते उजव्या चाकाला. डाव्या चाकावर तिच्या तांब्यातला एक थेंब कधी पडला नव्हता.

"मॅडम, चक्कर येऊन राहिली का? उपाशी असता तुम्ही," नीलाबाई म्हणाल्या.

"नाही हो. ऊन लागलं थोडं."

गाडी गार होईपर्यंत ती अंगणवाडीच्या ओसरीत बसली. मनात तिनं भावाची बाजू घेऊन पाहिली. हरीला लातूरला बसून कसं कळणार कुठलं चाक? फोनवर सुचलं ते बोलला बिचारा. त्या विचारानं तिला बरंही वाटलं. देवीची माफी मागितली ती उगाचच, एवढंच.

अश्वजितचं गॅरेज मुखेडच्या बाहेर, नांदेड रस्त्याला होतं. नांदेडला आयटीआय केलेला, तिथंच एका शोरूमला सात वर्षं काढून गावाकडं आलेला हा शांत माणूस. त्याची आई महामायाबाई सिंधुच्याच हाताखाली सेविका होती, म्हणून तो तिला ओळखत होता. आत टेबलावर बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं ताजी शेवंती.

"मॅडम, येताना ब्रेक किती वेळा दाबला?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"दोनदा. रेल्वेच्या रुळासारखी सरळ आले."

अश्वजितनं चारी चाकांजवळ हाताची मागची बाजू धरली, न टेकवता, आणि मान हलवली. मग जॅक लावून पुढच्या दोन्ही बाजू उचलल्या. उजवं चाक एका बोटानं ढकललं, ते दोन फेरे फिरलं. डावं दोन्ही हातांनी ओढलं, ते कण्हल्यासारखं आवाज करत पाव फेरा आलं आणि थांबलं.

"आता तीन गोष्टी असू शकतेत," तो म्हणाला. "एक, पाय ब्रेकवर राहतो आणि दाब सुटत न्हाई."

"माहूरचा घाट उतरताना जळका वास आला, तेव्हा माझे यजमान तेच म्हणाले."

"म्हणू द्या. पायानं झालं असतं तर दोन्ही चाकं तापली असती. दुसरं, तेलाची नळी आतून फुगली, दाब जातो पण परत येत न्हाई. ते आत्ता कळंल." त्यानं चाक काढलं, मागं असलेला छोटा निप्पल पान्यानं सैल केला. ब्रेक ऑइलचे चार थेंब सावकाश ओघळले. चाकामागची ब्रेकची तबकडी त्यानं पुन्हा फिरवून बघितली. तशीच आवळलेली. "दाब न्हाई अडकला. मग नळीबी चांगली. आता राहिलं तिसरं. जिथं अडकलं ते इथंच हाय, चाकात."

तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा लोखंडी चिमटा त्यानं खोलला. त्यातले ब्रेक पॅड बाहेर काढून तिच्यापुढं धरले. बाहेरचा जवळजवळ नवा. आतला झिजून पत्र्याला लागलेला. तबकडीवर निळसर डाग पडले होते, जळल्याचे.

"हा चिमटा ज्या दोन पिनांवर मागंपुढं सरकतो ना मॅडम, त्या पिना जाम हायेत." त्यानं पिनेवरची रबरी टोपी ओढली, हातोडीनं हलके ठोके देत पिन फिरवत फिरवत बाहेर आणली. पिनेबरोबर राखाडी रंगाची कोरडी ढेकळं पडली. अश्वजितनं एक ढेकूळ बोटांत चुरलं. वास घेतला.

"पाण्यानं झालं का हो हे? मी चाकाला पाणी घालायचे." सिंधु म्हणाली. "पण उजव्या."

"पाण्यानं गंज येतो मॅडम. माती येत न्हाई." तो उठला. उजवं चाक काढलं, तिथली पिन उपसली. ती सहज आली, पिवळ्या ताज्या ग्रीसमध्ये न्हालेली. ती पिन त्यानं बाजूला ठेवली. मग हात पुसून गाडीत शिरला, ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटापर्यंत. आपण रोज बांधतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढं, जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो, तिथं एक सरळ मातकट रेघ होती आणि रेघेखाली सगळा पट्टा राखाडी.

"मॅडम, ही गाडी कुणाकडनं घेतली?"

"माझ्या भावानं दिली. भाऊबीजेला."

अश्वजितनं पट्टा हातातून सोडला. तो सरसर करत आत गेला. "मग जाऊ द्या. पिना साफ करून देतो, पॅड नवे टाकतो. तबकडीबी बदलावी लागंल."

"बोला ना. अर्धं नका ठेवू."

"पुरात बुडालेली हाय. सीटच्या वर पाणी गेलेलं. पावसाळ्यात अशा लई गाड्या निघतेत, धुऊन पुसून, नवीन कव्हर घालून..." तो अडखळला. "मिस्त्री चांगला होता. उजव्या बाजूचं खोलून, माती काढून ग्रीस लावलंय, नुकतंच. डावीकडचं तसंच बंद केलंय. का, ते मला न्हाई सांगता येणार."

"म्हणजे ज्यानं उजवं खोललं त्याला डाव्यात माती असणार हे माहीत होतं?"

अश्वजितनं पाना उचलला. "माहूरचा घाट या ब्रेकवर उतरलात तुम्ही, मॅडम," एवढंच म्हणाला.

रिक्षानं घरी येईपर्यंत सिंधु भावाची बाजू घेत राहिली. त्यालाही कुणीतरी फसवलं असेल. डॉक्टरची म्हणून त्याच्याच गळ्यात मारली असेल. धंद्यात होतं असं. दिवेलागणीला तिनं दिवा लावला, हात जोडले, आणि आईला फोन केला.

"माय, हरीनं मला दिलेली गाडी पुरातली होती का गं?"

पलीकडं भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. सिंधुला वाटलं, आता माय म्हणेल, कुणी सांगितलं तुला हे असलं. तेवढंच ऐकायचं होतं तिला.

"तुला कुणी सांगितलं?" नागुबाई म्हणाली, पण आवाज तो नव्हता. "अगं, सगळी धुऊन घेतली होती त्यानं. नवीन कव्हरं टाकली. बाकीचंबी करणार होता, तर मिस्त्री गावाला गेला अन् भाऊबीज आली दोन दिवसांवर. वेळच मिळाला न्हाई लेकराला."

"तुला माहीत होतं."

"मी म्हणलं होतं की त्याला, चांगली दुसरी दे. तर म्हणला, आक्का कुठं लांब जाती? मुखेड अन् खेडी. अन् फुकटच तर देऊन राहिला ना बाई, कुणाचा भाऊ देतो?"

"मी माहूरला गेले होते, माय. पौर्णिमेला. हे पण होते गाडीत."

"आलात ना सुखरूप? देवीनं आणलं." नागुबाईनं आवाज खाली केला. "हे बघ, हरीला काही बोलू नको आता. मीबी न्हाई सांगत तू विचारलं म्हणून. सही होऊ दे आधी सुखानं."

सिंधुनं बरं म्हटलं. फोन ठेवून ती समईची वात सारखी करत बसली. वात सारखीच होती.

आप्पासाहेबांना गॅरेजमधून कळलंच. ते तावातावानं घरात आले. "फोन दे इकडं. त्याला दाजी काय असतो दाखवतो. अन् तू सही करायला जायची न्हाईस."

"जमिनीचा आणि चाकाचा काय संबंध?"

"संबंध?" आप्पासाहेब म्हणाले. मग खाटेवर बसले आणि जरा वेळानं, तिच्याइतक्याच हळू आवाजात म्हणाले, "मी तुला पायाचं बोललो, गाडीत. चूक झाली माझी."

ते ऐकून मात्र तिचे डोळे भरून आले. चूक झाली, हे चार अक्षरांचे दोन शब्द असे किती सोपे होते. तिनं तेव्हाच ठरवलं: लातूरला जायचं. हरीनं एवढंच म्हणावं, आक्का, चूक झाली. मिस्त्री नव्हता, वेळ नव्हता, मी तुझ्या पाण्यावर ढकललं. मग डोळे मिटून सही करायची आणि हा विषय पुन्हा आयुष्यात काढायचा नाही.

ठरल्या दिवशी ती एसटीनं लातूरला गेली. निबंधक कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर हरिओम आणि नागुबाई बसले होते. हरिओम उठून तिच्या पाया पडला, नेहमीसारखा. तिनंही नेहमीसारखा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना तिला जाणवलं की आपला हात त्याच्या डोक्यावर अजूनही तसाच मऊ पडतो. तिला त्या हाताचाच राग आला.

नंबर यायला दोन तास लागणार होते. दोन तास पुष्कळ झाले. हरिओम खूप बोलला. आईच्या गुडघ्यांबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल, लातूरच्या ट्रॅफिकबद्दल. सिंधु ऐकत होती आणि प्रत्येक विषय संपला की तिला वाटे, आता.

"गाडी कामून न्हाई आणली, आक्का?"

"गॅरेजला लावलीय."

त्याचा पाय हलत होता तो थांबला. "म्हणलं होतं ना मी, माझ्याशिवाय दाखवू नको. काय म्हणला मिस्त्री?"

सिंधुनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तूच सांग ना, हरी. तुला काय वाटतं, काय म्हणाला असेल?"

नागुबाईनं पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागली, जरी तिला वाचता येत नव्हतं.

हरिओमनं खिशातला मोबाईल काढला आणि परत ठेवला. त्या दोन क्षणांत सिंधुनं मनात देवीचं नाव घेतलं. मग तो हसला, तसाच, फोनवर हसला होता तसा. "दुसरं काय म्हणणार? पाण्याचाच परिणाम. आक्का, तुझी भक्ती लई भारी, पण लोखंडाला झेपत न्हाई ती." शेजारी बसलेला एक अनोळखी माणूसही त्यावर हसला.

नंबर आला.

आत निबंधक म्हणून एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी कागद चाळले, सिंधुचा फोटो काढला, ओळखपत्र पाहिलं. दिवसातून वीस वेळा विचारत असतील तशा, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही हा हक्क राजीखुशीनं सोडताय ना? कुणाची जबरदस्ती, कुणी फसवणूक केलेली नाही ना?"

"न्हाई न्हाई, मॅडम," हरिओम म्हणाला. "सख्खी बहीण हाय माझी."

"तुम्हाला नाही विचारलं. बाई, बोला."

सिंधु काहीतरी बोलली. बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढं वाकल्या.

"काय म्हणालात?"

"राजीखुशीनं आले होते," सिंधु म्हणाली. "आता नाही."

खोलीत टायपिंगचा आवाज चालू होता, तो चालूच राहिला. निबंधक बाईंनी कागदांना टाचणी लावली, हरिओमकडं सरकवले आणि म्हणाल्या, "मग होणार नाही. पुढचे कोण?"

बाहेर आल्यावर हरिओमचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली. "चार लोकांत इज्जत घालवलीस माझी! एका चाकापायी, आक्का? फुकटात दिलेल्या एका चाकापायी?"

"माती निघाली, हरी," ती म्हणाली. "डाव्या पिनेतून."

मग त्यानं आईकडं पाहिलं, आईनं जमिनीकडं. तो तरातरा पार्किंगकडं चालायला लागला. वळून पाहिलं नाही. दोन तास बसून त्याला सापडले नव्हते ते दोन शब्द आताही सापडले नाहीत.

"तू मागितली असतीस ना रे," सिंधु त्याच्या पाठीकडं बघत पुटपुटली, "तर गाडीशिवाय दिली असती मी." ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

नागुबाई मागं राहिली होती. गुडघे सांभाळत ती सिंधुजवळ आली आणि तिनं लेकीचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांना अजून सकाळच्या भाकरीच्या पिठाचा वास होता. सिंधुला हुंदका आला. आता माय काहीतरी बोलेल असं वाटून ती थोडी पुढं वाकली.

"मग आता सहीला कधी येशील?" नागुबाई म्हणाली.

सिंधुनं आपला हात सावकाश सोडवून घेतला. पदरानं तोंड पुसलं. रस्त्यापलीकडं स्टँडकडं जाणारी रिक्षा थांबली होती, तिला हात केला.

"येईन, माय," ती म्हणाली. "तुला भेटायला येईन."